झाकणांची रांग

२ फेब्रुवारी

कचेरीनं दिलेल्या वहीत तीन रकाने आहेत: भेटी, उपस्थिती, साध्य. आज तिन्ही कोरे राहिले. म्हणून ही दुसरी वही काढली. हिच्यात रकाने नाहीत आणि ही कुणी तपासणार नाही.

खोली मिळाली. पुढच्या खोलीत शिंपीणबाई राहतात आणि शिवतात, मागची माझी. भिंतींना नवा चुना आहे, पण कोपऱ्यात त्याच्याखालची काजळी दिसते. दोन वर्षांपूर्वीच्या जाळपोळीत हे घर गेलं, मग अर्धंच परत उभं राहिलं. बाईंचा नवरा त्याच आगीत गेला, असं कचेरीच्या कागदांत आहे. बाईंनी स्वतः काही सांगितलं नाही. कापडाचं माप घ्यावं तसं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"किती शिकलीस?"

"पदवीधर आहे, मावशी. आमच्या घरातली पहिलीच."

"मग घरच्यांना काय अडचण झाली तुझी?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

काम असं आहे. वरची वस्ती आणि खालची वस्ती यांच्यात पेटलं, तेव्हा अकरा माणसं गेली. आता शांत आहे, म्हणजे कुणी कुणाशी बोलत नाही. दोन्हीकडच्या लोकांची मिळून एक नागरिक समिती मला तीन महिन्यांत उभी करायची आहे. तिनं एकत्र बसायचं आणि नगरपालिकेकडे मागण्या मांडायच्या. समिती झाली तर माझी नेमणूक कायम. नाही झाली तर बाबांची पंचाईत. ते गवंडी आहेत, आणि पोरगी अधिकारी झाली म्हणून त्यांनी बांधकामावरच्या एकूण एक माणसाला सांगून ठेवलंय.

५ फेब्रुवारी

पहिली सभा झाली, झाली म्हणायची. शाळेच्या खोलीत चाळीस खुर्च्या मांडल्या, माणसं आली चार. दोघी बायका काही वाटप आहे का एवढं विचारून गेल्या. तिसरा खुर्च्यांचा मालक. खुर्च्या कधी रिकाम्या होतील ते विचारायला आला होता, त्या रिकाम्याच होत्या. चौथे निवृत्त मास्तर.

"मुली, अध्यक्ष कोण होणार?"

"ते समिती ठरवेल, सर."

"उलटं बोलतेस. अध्यक्ष ठरला की समिती आपोआप होते. आता मलाच कर असं मी म्हणत नाही. पण दुसरा आहे कोण?"

परतताना वाण्याच्या दुकानावर थांबले. साबण देता देता वाणी म्हणाला, "समेट करायला आलात ना? भांडण कुणाचं झालंय?"

"मग लोक एकत्र का बसत नाहीत?"

"उभे राहतायत ते बघवत नाही का तुम्हाला?"

काही कळलं नाही. खोचक बोलायचं म्हणून बोलला असणार.

७ फेब्रुवारी

आज पाच दारं तोंडावर बंद. सहाव्या घरात पाणी दिलं. मी ते प्यायल्यावर म्हणाले, "झालं? आता निघा."

११ फेब्रुवारी

एकत्र आलेली माणसं मला सापडली!

बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याच्या आवारात पाण्याचा पंप आहे. दोन्ही वस्त्यांना मिळून तो एकच. पाणी सकाळी सहा ते नऊ. साठेक बायका असतात, पण रांगेत एकही उभी नसते. रांगेत असतात झाकणं. पूर्वी बर्फाच्या लाद्या चढवायचा लांब ओटा आहे, त्यावर प्रत्येकीनं आपल्या हंड्याचं झाकण ठेवायचं आणि सावलीत जाऊन बसायचं. म्हातारा पंपवाला चावी फिरवतो आणि झाकणांच्या नावानं ओरडतो.

"कानतुटकं! चला. आता पोचा. पोचा कुठे गेला? हिरवा दोरा, झोपलीस का गं? हे नवं कुणाचं? सासऱ्यानं दिलं वाटतं, फारच चकाकतंय!"

बायका त्यालाही ऐकवतात. "म्हाताऱ्या, तुझ्या डोक्यालाच एक झाकण घाल, वारा शिरतो."

वरच्या-खालच्या सगळ्या मिसळलेल्या. कोण कुठली ते मला अजून ओळखता येत नाही. शिंपीणबाईंचं झाकण निळं आहे, चीर गेलेलं. ते कायम एका काळ्या झाकणाच्या शेजारी असतं. काळ्या झाकणाची बाई तिशीतली, किडकिडीत, मान खाली घालून बसते. बाई तिच्याशी अवाक्षर बोलत नाहीत. पण तिचं काळं झाकण मागे राहिलं तर आपलं निळं उचलून त्याच्या शेजारी नेऊन ठेवतात, स्वतःचा नंबर मागे गेला तरी. बहुतेक तिच्यावर नजर ठेवत असाव्यात. पाण्याच्या बाबतीत कुणाचा भरवसा धरायचा!

१३ फेब्रुवारी

पंपवाल्याशी वाद.

"काका, यांना नावानं हाका का मारत नाही?"

"मारतो की. पोचा, कानतुटकं, काळं."

"ही काय नावं झाली? माणसाला झाकण म्हणणं हा अपमान आहे."

"कुणाचा अपमान झालाय? बोलाव तिला."

"उद्या नगरपालिकेत जायचं तर काय सांगणार, मी कानतुटकं?"

"नगरपालिकेत कोण चाललंय? पाणी भरायला आल्यात त्या. बाईसाहेब, झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडून बघायची घाई तुम्हाला."

मुद्दा सरळ आहे. चावी याच्या हातात, कुणाला काय म्हणायचं ते याच्या तोंडात. रीतसर काही आलं की याचं राज्य संपेल, म्हणून ही मिजास. निघताना मागून ओरडला, "कागदबाई, कागद विसरला तुमचा!" सगळ्या हसल्या. आता रस्त्यातही मला कागदबाईच म्हणतात.

२० फेब्रुवारी

ठरलं. प्रत्येक घराला एक पाणी-कार्ड द्यायचं. त्यावर पूर्ण नाव, वय, वस्ती, घर क्रमांक, आणि कार्ड घेताना सही. या साठ सह्या म्हणजेच समितीची सभासद यादी! रांग नंबरानं, हाक नावानं. मॅडमना फोन केला. त्या आमच्या मुख्य कचेरीत असतात आणि सहसा फोन उचलून "थोडक्यात" म्हणतात. आज पूर्ण ऐकून घेतलं. "उत्तम. सह्या लवकर पाठव. फोटो चिकटवायचे नंतर बघू."

घरी फोन केला. आईनं विचारलं, जेवतेस ना? बाबांनी विचारलं, तुझ्या हाताखाली किती माणसं?

१ मार्च

दहा दिवस दारोदार. समिती झाली की दुसरा पंप मागता येईल, हे एवढं ऐकून घेतात. बाकी सगळं वहाणेसारखं दाराबाहेर काढून ठेवावं लागतं. वरच्या वस्तीत म्हणतात, तू खालच्यांची. खालच्या वस्तीत म्हणतात, राहतेस तर वर. एकानं यादी हातातून ओढून घेतली आणि बोट फिरवत मोजायला लागला, आमचे किती, त्यांचे किती. मी यादी परत घेतली. असल्या कोत्या मनांसाठी चांगलं काम थांबवायचं का?

काळ्या झाकणाची बाई खालच्या वस्तीच्या टोकाला राहते, अंथरुणाला खिळलेल्या सासूबरोबर. तिनं मला चौकटीतच उभं केलं.

"नुसता घर क्रमांक लिहिला तर चालेल का?"

"नाही चालणार, ताई. नाव म्हणजे तुमचा हक्क आहे. कसली भीती आहे?"

"भीती नाही."

"मग सांगा ना. नवऱ्याचं आडनाव?"

"तो नाही. माहेरचंच लावते."

तिनं सांगितलं. मी लिहून घेतलं. साधं चार अक्षरी आडनाव, त्यात लपवण्यासारखं काय होतं देव जाणे. सही करताना ती अक्षरागणिक इतकी थांबली की मला वाटलं लिहायला नुकतीच शिकली असेल. प्रौढ शिक्षणाचा वर्गही काढायला हवा.

शिंपीणबाईंनी सही केली नाही. "तुझ्या यादीत मी कशाला? तू माझ्याच घरात राहतेस, विसरणार आहेस का मला?" मी त्यांचं कार्ड स्वतःच भरून मशीनवर ठेवलं.

१० मार्च

लिहावंसं वाटत नाही. लिहिते.

सकाळी सहाला ओटा मोकळा होता. मीच सांगितलं होतं, झाकणं ठेवू नका. बायका पहिल्यांदाच माणसांसारख्या रांगेत उभ्या होत्या, आणि मला छान वाटलं होतं. यादी पंपवाल्याच्या हातात दिली. त्यानं पहिल्या पानावरून नजर फिरवली आणि परत दिली.

"माझ्या तोंडून नाही."

"वाचता येत नाही का?" मी विचारलं. चारचौघांत विचारलं.

"येतं. म्हणूनच."

मग मीच वाचायला लागले. मोठ्यानं, पूर्ण नाव, आडनावासकट. एकेक नाव घेतलं की एकेक बाई पुढे यायची, आणि मागची बाई जरा लांब सरकायची. मला ते दिसत होतं, पण वाटलं, शिस्त लागतेय. सतराव्या नंबरावर काळ्या झाकणाच्या बाईचं नाव आलं. कुणी पुढे येईना. मी परत वाचलं. तिसऱ्यांदा तर आडनाव तोडून तोडून वाचलं, ऐकू गेलं नसेल म्हणून.

ती पुढे आली. पाणी भरलं नाहीच. बादली तिथेच टाकून निघून गेली.

मग एक बाई किंचाळली, "हिच्या शेजारी उभी होते मी? दोन वर्षं?" दुसरी म्हणाली, "नाटक करू नकोस, तुला काय माहीत नव्हतं?" "माहीत असणं वेगळं!" आणि मग कोण काय बोलत होतं ते कळेना.

पंपवाल्यानं चावी बंद केली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं. त्या रात्री वरची घरं पेटवणाऱ्यांच्या पुढे जो होता, तो हिचा सख्खा भाऊ. तेव्हापासून परागंदा आहे. त्या आडनावाचं गावात आता एवढंच एक घर उरलंय.

"मला कुणी सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"सांगायला आडनाव उच्चारावं लागलं असतं."

मी घरी आले तेव्हा शिंपीणबाई मशीनवर होत्या. म्हटलं, "मावशी, मला खरंच माहीत नव्हतं. तुम्हाला केवढा धक्का बसला असेल." त्यांनी कात्री खाली ठेवली.

"तुझं कार्ड तुझ्या खोलीत टाकलंय."

एवढंच. बिचारीला बोलवेना. जिच्या भावानं घर जाळलं तिच्याशेजारी दोन वर्षं पाणी भरलं, हे आज असं सगळ्यांसमोर कळावं!

११ मार्च

आज रांगा दोन. वरची वेगळी, खालची वेगळी. पहिला नंबर कुणाचा यावरून सुरू झालं. बादल्या, हंडे, हाताला लागेल ते. काळ्या झाकणाची बाई कालची बादली शोधायला आली होती, तिच्या दंडावर कुणीतरी पितळी हंडा घातला. कुणी घातला? वरचे म्हणतात खालच्यांनी, खालचे म्हणतात वरच्यांनी. खालच्यांनाही ती नकोशीच आहे, तिच्या भावापायी आमची पोरं तुरुंगात गेली म्हणतात.

माझ्या पाठीत एक लाकडी स्टूल बसलं. तेही कुणी मारलं माहीत नाही. दोन्हीकडची एकी फक्त एवढ्यात.

१४ मार्च

मारामारीनंतर नगरपालिकेनं पंपवाल्याला काढून सरकारी पहारेकरी बसवला. एक दिवस वरच्यांचा, एक दिवस खालच्यांचा. पाणी कार्डावरच, आणि नाव पुकारून. दुसऱ्याच्या कार्डावर पाणी नेताना कुणी सापडलं तर दोन्ही घरांची कार्डं जप्त. पहारेकऱ्याच्या साहेबांनी माझं कौतुक केलं. कार्डं आयतीच तयार मिळाली म्हणाले.

काढलेला पंपवाला फाटकाशी बसलेला दिसला. "बरं झालं, कागदबाई. आता माझा घसा वाचेल."

मला राग आला. दुखावलेल्या माणसानं तरी असं बोलावं का? आणि मी काय चोरी केली होती? नावं लिहिली. जगभर लिहितात.

१८ मार्च

मॅडमचा फोन. मी सगळं खरं सांगितलं. काही लपवलं नाही. शेवटी म्हटलं, समिती मोडली, मॅडम. दोन गट झाले.

"मोडली कशाला म्हणतेस? सह्या आहेत ना?"

"आहेत. पण ते एकत्र बसणार नाहीत."

"मग दोन समित्या लिही. एकाऐवजी दोन. मास्तरांना वरचा अध्यक्ष कर. खाली कुणीतरी बघ."

मी "बरं" म्हटलं. का म्हटलं?

२१ मार्च

काळ्या झाकणाच्या बाईकडे माफी मागायला गेले. तिनं दार वीतभर उघडलं. हात झोळीत बांधलेला. हाड मोडलंय, दीड महिना उचलायचं काही नाही. आत सासू खोकत होती.

"पाणी कोण भरतं?" मी विचारलं.

"येतं."

"शेजारणी आणतात का?"

तिनं चांगल्या हातानं दाराची कडी धरली. शेजारणी तिच्या सावलीलासुद्धा उभ्या राहत नाहीत, हे मलाही दिसतं. पण चुलीशेजारी हंडा भरलेला होता, काठोकाठ. माफी मागायची राहूनच गेली. दार लागलं.

२४ मार्च

शिंपीणबाईंचं काय चाललंय कळत नाही. एकाआड एक दिवस पहाटे बाहेर पडतात, आणि तेही आमच्या पाण्याच्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी. तासाभरानं रिकाम्या हातानं येतात, कपडे गुडघ्यापर्यंत ओले. मी विचारलं, कुठे जाता? "तुझ्या रकान्यात बसणार नाही," म्हणाल्या. माझ्यावरचा राग अजून गेलेला नाही. स्वतःच्या घरात माणसाला इतका तिरस्कार सहन करावा लागू नये, पण हे माझं घर नाहीच.

२८ मार्च

नेमणुकीचं पत्र आलं. कायम. पत्रात लिहिलंय की माझी कार्ड पद्धत आणखी पाच गावांत नेणार आहेत. बाबांना फोन केला तर ते रडायलाच लागले. गवंड्याच्या पोरीला पाच गावं, पाच गावं, असं शेजाऱ्याला ओरडून सांगत होते. पंपावर काय झालं ते सांगता आलं नाही.

पत्र हातात घेऊन पुढच्या खोलीत गेले. शिंपीणबाईंनी ते वाचलं, चष्मा काढून परत वाचलं.

"पाच?"

"हो."

"खोली मला एप्रिलअखेर रिकामी हवी."

२ एप्रिल

मॅडम आल्या, सोबत दोन पाहुणे. त्यांना कार्ड पद्धत चालू असताना बघायची होती. आज खालच्यांचा दिवस. मी आठवडाभर पंपाकडे फिरकले नव्हते. रांग शांत होती. पहारेकरी नवा, कालच बदली होऊन आलेला, खुर्चीत बसून कार्डं बघून एकेक नाव पुकारत होता. पाहुणे म्हणाले, किती शिस्त आहे. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

पहारेकऱ्यानं ते नाव पुकारलं. तेच आडनाव.

मी मान खाली घातली. तिचा हात मोडलेला, ती कशी येणार.

"आले, आले. ओरडतोस कशाला?"

आवाज ओळखीचा होता. हंडा कमरेला लावून शिंपीणबाई पुढे आल्या. वरच्या वस्तीतल्या, आणि खालच्यांच्या दिवशी. पहारेकऱ्यासमोर कार्ड आपटलं आणि नळाखाली हंडा लावला.

मला एकदम सगळं उलगडलं. ती कुणाची बहीण हे या बाईंना तेव्हाही माहीत होतं, त्याआधीही माहीत होतं. दोन वर्षं.

पहारेकऱ्यानं कार्ड वाचलं, मग बाईंकडे पाहिलं, मग परत कार्ड.

"वय एकतीस?"

"तुझ्या रांगेत उभी राहून झाले बावन्नची," बाई म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. रांगेत चाळीसेक बायका होत्या, सगळ्या खालच्या. त्यांतल्या प्रत्येकीला माहीत होतं की ही ती नव्हे. त्यांतल्या निम्म्यांनी खऱ्या बाईकडे पाठ फिरवलेली, आणि तीन आठवड्यांपूर्वी याच आवारात वरच्यांच्या अंगावर बादल्या फेकलेल्या. प्रत्येक बाई आपापल्या हंड्यात बघत होती. हंडे रिकामे होते.

पहारेकरी उठला. "ताई," तो मला म्हणाला, "कार्डं तुम्ही केलीत ना? हीच का ती?"

मॅडम हसऱ्या चेहऱ्यानं माझ्याकडे बघत होत्या. पाहुण्यांपैकी एकानं वही काढली होती. शिंपीणबाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या हंडा भरताना बघत होत्या.

"हो," मी म्हटलं. "हीच."

"आणि वय?"

"लिहिताना चुकलं. माझी चूक आहे."

मॅडमचा हात खांद्यावरून गेला. "अशा चुका?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सगळ्या नोंदी परत तपासून घे. पाच गावांचा प्रश्न आहे."

"तो प्रश्न आहेच, मॅडम. मला त्यावर बोलायचंय. आज दुपारी."

कुठून आलं ते माहीत नाही, पण बोलून गेले. त्या उत्तर देणार एवढ्यात मागून आवाज आला.

"बघत काय उभी राहिलीस? एका बाजूनं धर की."

हंडा भरला होता. मॅडमना आणि पाहुण्यांना तिथेच सोडून मी एका बाजूनं धरलं. आवाराबाहेर पडलो, खालच्या वस्तीच्या गल्लीत शिरलो. बाईंना रस्ता विचारावा लागला नाही. दारं उघडी होती. पायरीवर बसलेल्या एकीनं पाय आत ओढून आम्हाला वाट दिली, आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

"मावशी, मला वाटलं होतं तुम्हाला त्या दिवशी कळलं."

बाईंनी वळणावर थांबून हात बदलला, घाम पुसला.

"खोली एप्रिलअखेर रिकामी हवी. ते बदललेलं नाही."

"हो."

"आणि नीट धर. सांडतंय."